पुढच्या ओळीवरचा हात

बटण. लेबल नाही.

वेत विणायच्या आधी पाण्यात भिजत घालावा लागतो. कोरडा वाकवला तर मोडतो.

मिठागरात मीठ पिकतं असं म्हणतात. बनतं असं कुणी म्हणत नाही.

सुरू करण्यासाठी दोनदा टॅप करा.

आमच्या शाळेत संध्याकाळी वीज गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पंखा थांबला की येतं.

चौगुले सरांची उजव्या पायाची चप्पल करकरायची. डाव्या पायाची नाही.

चार्जिंग बावीस टक्के.

बटण. लेबल नाही.

"सर, तो दोनदा टॅप करा म्हणतोय. करा की मग."

"केलं."

"मला एकदाच ऐकू आलं."

"दोनदा केलं, शबाना. मला दोनपर्यंत मोजता येतं."

फोन गप्प. मग कुणी काही विचारलेलं नसताना तो म्हणाला,

सेटिंग्ज.

आणि पुन्हा गप्प.

शिक्षक-खोलीत आम्ही दोघंच होतो. शाळा सुटली होती, मुली वसतिगृहाकडे गेल्या होत्या, अंगणातल्या नळावर कुणीतरी डबे घासत होतं. शबाना मुजावर आमची संगणकाची शिक्षिका. मी मराठीचा. अंध मुलींची निवासी शाळा, आणि आम्ही दोघंही जन्मापासून आंधळे. पहिलीपासून दहावीपर्यंत ती माझ्याच हाताखाली शिकली होती. आता ती मला शिकवत होती. निदान तसा प्रयत्न चालला होता.

"पुन्हा सांगते. एक बोट काचेवर फिरवायचं. बोटाखाली जे येईल ते तो बोलेल. हवं ते आलं की बोट उचलायचं आणि दोनदा टॅप करायचं. एवढंच आहे सर."

"एवढंच असेल तर तो माझ्याशी असं का वागतो?"

"कसं?"

मी बोट फिरवलं.

पान सहा. पान अकरा. यादी पुढे सरकली.

"असं," मी म्हणालो.

ती उठली, फोन माझ्याकडून घेतला. तिच्या हातात तो लगेच बोलायला लागला, सलग, कढईत मोहरी तडतडावी तसा.

"हे मराठी आहे?" मी विचारलं.

"तुमचाच धडा आहे सर. संपला पण." तिने फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "फोन चांगला आहे."

फोन चांगला आहे, हे तिने त्या महिन्यात इतक्या वेळा सांगितलं की फोनचं कौतुक ऐकून मला उबग आला. फोन चांगला असेल तर वाईट कोण, हे ती बोलायची नाही. माझी विद्यार्थिनी होती ना.

त्या वर्षी दहावीचं पुस्तक बदललं. डोळस मुलांना ते जूनमध्ये मिळालं. ब्रेल प्रती छपाईत आहेत, असं आम्हाला जुलैत कळलं, ऑगस्टमध्ये कळलं, गणपती झाल्यावर पुन्हा कळलं. तोवर मी व्याकरण आणि निबंध घेऊन दिवस ढकलले. फोनवर ऐकता येईल अशी पुस्तकाची प्रत मात्र होती. शबानाने ती सगळ्या मुलींच्या फोनमध्ये घालून दिली, माझ्याही. मुली आठवड्याभरात धड्यांवर बोलायला लागल्या. दहावीच्या वर्गात पुस्तक न वाचलेला एकच माणूस उरला होता, आणि तोच त्यांना ते शिकवत होता.

ही गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानावर गेलीच. चौगुले सर जूनमध्येच आले होते, संस्थेच्या डोळस मुलांच्या शाळेतून बदली होऊन. माणूस वाईट नव्हता. आमच्याशी बोलताना आवाज चढवायचे, आम्ही बहिरेही असल्यासारखा, पण बोलायचे आदबीने.

"हेरवाडकर सर, दिवाळीनंतर मी दहावीच्या एका तासाला बसतो. नवीन पुस्तकातला धडा घ्या. तुम्ही स्वतः वाचून. जमलं तर उत्तमच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर इंगवले मॅडम आहेत ना! त्यांना दिसतं, त्या वाचून दाखवतील मुलींना. तुमच्या निवृत्तीला तरी आता किती दिवस राहिलेत? हस्तकला घ्या. वेतकाम. निवांत जातील तास."

वेतकाम.

मी लहान असताना आमच्या गावच्या मास्तरांनी वडिलांना सांगितलं होतं, पोराला खुर्च्या विणायला शिकवा, पोटापुरतं होईल. वडील हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मला एस.टी.त घालून ब्रेलच्या शाळेत सोडून आले. वेतकामात कमीपणा काही नाही. आमच्या मुली सुंदर विणतात. पण मी जन्मात एक खुर्ची विणली नव्हती, आणि ते मी चारचौघांत सांगायचोही. मी वाचणारा माणूस होतो. मी ब्रेल वाचायला लागलो की लोक विचारायचे, सर श्वास कधी घेतात? ओळ संपली आणि दुसरी सुरू झाली हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही. सांधाच नसायचा.

आणि आता

बटण. लेबल नाही.

"लेबल नाही म्हणजे काय?"

"ज्याने बनवलं त्याने नाव दिलेलं नाही. सोडून द्या, पुढे जा."

"पुढे म्हणजे कुठे? शबाना, ही नुसती काच आहे. बोटाला काही लागतच नाही."

"लागायचं नसतंच सर. ऐकायचं असतं."

"मग बोट कशाला हवं?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

चप्पल करकरत दारापाशी आली आणि थांबली. चौगुले सर असे रोज थांबायचे. आत यायचे नाहीत, बोलायचे नाहीत, दारातून बघत राहायचे. कुणी बघत असलं की आम्हाला कळतं, खोलीतली हवा भरल्यासारखी होते.

"चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले. "जमेल हो सर. जमेल."

करकर दूर गेली.

"पुन्हा," शबाना म्हणाली. "पाचवा धडा उघडा. मिठागर."

पाचवा. धडा पाच. मिठा

"थांबला. मध्येच थांबला! मी काही केलं नाही."

"काहीतरी केलं असणार."

"मी काही केलेलं नाही, शबाना."

"सर, फोन चांगला..."

"पुढचा शब्द बोलू नकोस."

दिवाळीच्या सुट्टीत फोन घेऊन घरी गेलो. सुलभाला, माझ्या बायकोला, दिसतं. ओट्याशी चकल्या पाडता पाडता ती माझी लढाई ऐकायची. फोन बोलायचा, मी बोलायचो, फोन गप्प व्हायचा, मी टेबलावर मूठ आपटायचो. तिसऱ्या दिवशी तिने हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"आणा इकडे. मी वाचून दाखवते. तुमची पाठांतराची ताकद दांडगी आहे, दोन दिवसांत धडा तोंडपाठ होईल. त्या चौगुल्यांना काय कळणार आहे?"

"नको."

"का नको? धडा मुलींपर्यंत पोचल्याशी कारण."

"मग तो तू वाचलेला धडा झाला. सहावा कोण वाचणार? सातवा?"

"मी आहे की."

"इंगवले मॅडमपण आहेत," मी म्हणालो.

ती उठून ओट्याशी गेली. चकलीचा सोऱ्या पुन्हा फिरायला लागला. चांगला कुरकुरला.

सुट्टी संपली तेव्हा मी जिथे होतो तिथेच होतो. नाही, मागे गेलो होतो. आधी फोन मध्येच थांबला तर माझं काहीतरी चुकलं असेल असं वाटायचं. आता तो थांबणारच, असं धरून मी बोट टेकवायचो. चिडून दाबायचो. काचेला दाब कळत नाही, हे शबानाने सांगून झालं होतं. तरी दाबायचो.

चौगुल्यांचा तास दुसऱ्या दिवशी होता.

"वेत भिजत घाला," मी शबानाला म्हणालो.

"काय?"

"उद्या सकाळी मी त्यांना सांगून टाकतो. इंगवले मॅडमना द्या मराठी."

तिची खुर्ची मागे सरकली. मला वाटलं, जातेय. ती गेली नाही.

"मी पहिलीत किती रडायचे आठवतंय? कागदावर नुसते खडे आहेत, म्हणायचे. अम्मी न्यायला आली होती मला. तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"आठवत नाही."

"आठवतंय तुम्हाला. म्हणालात, ही पोरगी वाचल्याशिवाय घरी जाणार नाही. आणि आता स्वतः..."

"तुझ्या वेळी गोष्ट वेगळी होती. तुझा हात धरून शिकवलं होतं मी. तू मला महिनाभर समोर बसून नुसती सूचना सांगतेयस. विमानतळावरच्या बाईसारखी."

मी हे चिडून बोललो. पण बोलल्यावर दोघांनाही ते नीट ऐकू आलं.

"मग तुमचा हात मी कसा धरणार सर?" ती हळू म्हणाली. "तुम्ही सर आहात."

"धर," मी म्हणालो. "आता काय राहिलंय?"

ब्रेल असंच शिकवतात. शिक्षक मुलाच्या पाठीमागे उभा राहतो, खांद्यांवरून वाकतो आणि मुलाच्या दोन्ही हातांवर आपले दोन्ही हात ठेवतो. उजव्यावर उजवा, डाव्यावर डावा. शबाना माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या ओढणीला साबणाचा वास होता. तिचा उजवा हात माझ्या उजव्या हातावर आला. डावा माझा हात शोधत खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर उतरला, आणि थबकला.

"सर."

"काय?"

"हा हात इथं काय करतोय?"

"कुठला?"

"डावा."

डावा हात काचेवर होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात, तर्जनीचं टोक अलगद टेकवून. मी तो तिथे ठेवला नव्हता. म्हणजे मीच ठेवला होता, पण ठेवल्याचं मला माहीत नव्हतं.

"पुढच्या ओळीवर आहे," मी म्हणालो.

"इथं पुढची ओळ नाहीये सर."

तिचं हसू आधी माझ्या पाठीला कळलं आणि नंतर कानाला.

"दोन बोटं टेकली की त्याला वाटतं पान सरकवायचंय! आणि दोन बोटांनी टॅप केलं की त्याला वाटतं, गप्प बस म्हणताहेत. महिनाभर तुम्ही त्याला गप्प बसवताय सर!"

"आणि तो माझं ऐकत होता."

"शब्दन् शब्द!"

ब्रेल दोन्ही हातांनी वाचणं आंधळ्यांतही सगळ्यांना जमत नाही. उजवा हात ओळ संपवत असतो तेव्हा डावा आधीच खाली उतरून पुढच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन थांबतो. उजवा पोचला की डावा सुरू करतो. म्हणून सांधा येत नाही. मी हे प्रत्येक पोरीच्या हाडात भरलं होतं. डावा हात पुढच्या ओळीवर! वर्गात माझी एवढी एक आरोळी रोज असायची. शबानाही त्यातूनच गेली होती. पण शबाना फोन वापरायला शिकली तो हातात धरून. डाव्या तळव्यात फोन, उजव्या हाताने काम. तिचा डावा हात आपोआपच अडकलेला. मी फोन टेबलावर ठेवायचो, कारण वाचायची वस्तू टेबलावर असते. डावा मोकळा. आणि मोकळा डावा हात कुठे जातो, हे मीच त्याला शिकवलं होतं.

"मला कसं कळणार?" ती हसता हसता म्हणाली. "मला काय दिसतंय?"

"आणि मला?"

"उचला आता."

उचलला. जिन्यावर पुढची पायरी नसावी तसं वाटलं. उजवं बोट चालायला लागलं, फोन बोलायला लागला, आणि दुसऱ्याच वाक्याला डावा हात पुन्हा काचेवर. पुन्हा उचलला. पुन्हा गेला.

"मांडीखाली घाला," शबाना म्हणाली. "बसा त्याच्यावर."

संध्याकाळपर्यंत मी मिठागराचा धडा वाचला. सगळा. माझ्या बोटाने, तुटत तुटत, आणि माझी डावी मांडी बधिर होईपर्यंत. जाताना शबानाने फोनमध्ये काहीतरी केलं. स्क्रीन काळी केली, म्हणाली, चार्जिंग वाचतं आणि कुणी डोकावून वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी चौगुले सर मागच्या बाकावर येऊन बसले. मी खुर्चीवर, समोर टेबल, टेबलावर फोन, उजव्या कानात इअरफोन, डावा हात मांडीखाली.

फोन कानात म्हणाला, मिठागरात मीठ पिकतं असं म्हणतात.

"मिठागरात मीठ पिकतं असं म्हणतात," मी वर्गाला म्हणालो.

बनतं असं कुणी म्हणत नाही.

"बनतं असं कुणी म्हणत नाही. का म्हणत नसतील?"

"सर, कारण वाट बघावी लागते," वैजयंता म्हणाली. वैजयंता कोणत्याही प्रश्नाला आधी उत्तर द्यायची आणि मग विचार करायची. या वेळी मात्र उत्तर बरोबर होतं.

माझं वाचन भिकार होतं. प्रत्येक वाक्यापाशी सांधा. आधी त्याने बोलायचं, मग मी. ज्या माणसाचा श्वास लोकांना सापडायचा नाही, तो आता प्रत्येक पूर्णविरामाला धापा टाकत होता. दोनदा डाव्या हाताने मांडीखालून सुटायला बघितलं. मी अजून घट्ट बसलो. पण धडा चालला. मुली बोलल्या, भांडल्या, हसल्या. घंटा झाली.

चौगुले सर उठले. करकर पुढे आली.

"उत्तम! मुली फार छान बोलतात. पण हेरवाडकर सर, आपलं ठरलं होतं वाचून घ्यायचं."

"वाचूनच घेतला."

त्यांनी आवाज जरा खाली आणला. आमच्याशी बोलताना पहिल्यांदाच. "सर, फोन बंद आहे. मी सुरुवातीपासून बघतोय, स्क्रीन काळी आहे. तुम्ही पाठ करून आलात, ते या वयात कौतुकाचंच आहे. पण उरलेले धडेही असेच..."

माझ्या कानात फोन अजून बोलत होता. सगळ्या जगात तो फक्त मलाच ऐकू येत होता. महिनाभर मी त्याला शिव्या घातल्या होत्या, आणि आज तो माझ्या बाजूने बोलत होता तर कुणाला पत्ता नव्हता. सुलभाने वाचून दाखवला असता तर चाललं असतं? मी तिला तो वाचूच दिला नव्हता, आणि आता हा माणूस पाठांतराचंच कौतुक करत होता.

मी इअरफोन उपटला.

पाऊस आला की मिठागरातली माणसं आकाशाकडे न बघता घरी जातात. चार्जिंग नऊ टक्के.

पोरी खिदळल्या. "सर, किती सावकाश लावलाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हा... हा फोनमधून आवाज?" चौगुले म्हणाले. "पण स्क्रीन..."

"आम्हाला स्क्रीन कशाला लागते सर?" वैजयंता म्हणाली, आणि मग विचार केला, आणि म्हणाली, "सॉरी सर."

"कुठलंही पान सांगा," मी म्हणालो. "मी न वाचलेलं."

"असू द्या हो."

"सांगा."

"चौतीस."

मी बोट फिरवलं. पान एकोणतीस. पान चाळीस. पुन्हा मागे. पान चौतीस. दोनदा टॅप. तो बोलला, मी त्याच्यामागून बोललो, एका लांब वाक्यात आपटलो, मागे गेलो, पुन्हा आपटलो. तिसऱ्यांदा पार झालो. कविता होती, आणि मी तिची चिंधी केली.

"राहू द्या," चौगुले सर म्हणाले. "पटलं. इतकं वाईट कुणी पाठ करत नाही."

सगळा वर्ग हसला. मीसुद्धा.

"मराठी तुमच्याकडेच राहील." ते निघाले, दाराशी थांबले. "एक विचारू का सर? आज डावा हात मांडीखाली का घातला होता? एरवी तर दोन्ही हात फोनवर असतात."

"तुम्हाला दिसायचं?"

"रोज दिसायचं की. दारातून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं," ते म्हणाले, आणि खरोखर ओशाळून म्हणाले, "तुमच्यात तसंच असतं."

चप्पल करकरत गेली. दाराबाहेर शबानाचा फोन मोहरीसारखा तडतडत होता, तो थांबला. ती सगळं ऐकत उभी होती. मी मांडीखालचा हात काढला. त्याला मुंग्या आल्या होत्या. तो टेबलावर ठेवला, आणि तो लगेच, कुणी न सांगता, काचेच्या खालच्या कोपऱ्याकडे निघाला.

शबाना पहिलीत असताना तिचा डावा हात पुढच्या ओळीवर थांबायला शिकला, त्याला अख्खं वर्ष लागलं होतं.